नंबर कोणाच्या नावावर

माझ्या थोरल्या मुलीचं, लताचं, लग्न झालं ते साल १९८७. वैशाखातलं लग्न. तिला धुळ्याला दिली. त्याच लग्नाच्या पंगतीत पुढच्या सगळ्या गोष्टीचं बी पडलं, म्हणून साल माझ्या ध्यानात आहे.

आमचं घर भडगावचं. खळ्यात मांडव घातला होता. जेवायला वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. जावयाकडच्या मंडळींत लीलाधर शेठ म्हणून एक गृहस्थ होते. धुळ्याला त्यांचं किराणा दुकान होतं, आणि आग्रा रोडवरच्या हॉटेलांना माल त्यांच्याकडूनच जायचा. त्यांनी भाजी तीनदा मागून घेतली आणि मग आचाऱ्याला बोलावून विचारलं, "यात काय टाकलंस बाबा?"

आचारी म्हणाला, "माझं काही नाही शेठ. मसाला घरचा आहे, बाईंनी कांडलेला."

लीलाधर शेठ जाताना पिशवीभर काळा मसाला घेऊन गेले. महिन्याभरात चिठ्ठी आली, आणखी पाठवा. मग दर पंधरवड्याला एसटीच्या टपावरून डबे जायला लागले. मी एकटी पुरेना, तेव्हा शेजारची धुरपदाबाई हाताशी आली. तिच्यामागून आणखी तिघी आल्या. कापूस वेचणी संपली की आमच्याकडच्या बायकांना होळीपर्यंत काम नसतं. त्यांना सावलीत बसून कांडायचं काम मिळालं.

मला हा धंदा हवा होता. पैशासाठी हवा होताच. पण सासरी येऊन पंचवीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बाहेरचं कोणी माझ्याकडे काही मागायला आलं होतं.

दिवाळीनंतर लीलाधर शेठ स्वतः आले. ओट्यावर आबांच्या शेजारी बसले. आबा म्हणजे माझे सासरे. मी दाराच्या आत उभी होते.

"अक्का," शेठ म्हणाले, "आजपर्यंत चाललं ते चाललं. पण बिनानंबराचा माल मला आता घेता यायचा नाही."

"कसला नंबर?"

"सेल्स टॅक्सचा. तुमच्या बिलावर तुमचा नंबर नसला की त्या मालाचा कर माझ्या डोक्यावर बसतो. आणि वरून साहेब विचारतो, ही भडगावची पार्टी कोण?"

"पार्टी म्हंजे?"

"पार्टी म्हणजे तुम्ही."

आतून धुरपदाबाई फिस्सकन हसली. "ल्या! आपली जामनेरवाली पार्टी हुई गई."

माझं माहेर जामनेरचं, म्हणून सासरी सगळे मला जामनेरवाली म्हणत. त्या दिवसापासून कांडणाऱ्या बायका मला पार्टी म्हणायला लागल्या. "पार्टी, धने सरनात." "पार्टी, चहा ठेव."

शेठ हसले नाहीत. म्हणाले, "होळीपर्यंत थांबतो. हॉटेलवाल्यांचं वर्षाचं ठरतं तेव्हा. तोवर नंबर आला तर वर्षभर तुमचा माल. नाही आला तर दुसरा एक मशीनवर दळणारा मागे लागलाय, त्याला हो म्हणावं लागेल. राग मानू नका."

राग कसला मानायचा? माणूस सरळ बोलला होता.

भडगावच्या बाजाराच्या दिवशी जळगावहून कौतिकराव येऊन बसत. व्यापाऱ्यांची सेल्स टॅक्सची कामं ते बघत. एका कापडाच्या दुकानातला कोपरा त्यांना दिलेला होता. तिथे आम्ही तिघं गेलो. आबा, लताचे वडील आणि मी. लताचे वडील कालव्यावर पाटकरी होते. पाण्याची पाळी लावणं, दारं उघडणं-बंद करणं, अशी सरकारी नोकरी.

कौतिकरावांनी सगळं समजावलं. अर्ज भरायचा, त्याला कोर्ट फीचं तिकीट लावायचं. घराची घरपट्टीची पावती जोडायची. घर ज्याच्या नावावर त्याची संमती जोडायची. नंबर असलेल्या एखाद्या व्यापाऱ्यानं आपण यांना ओळखतो असं लिहून द्यायचं, ते लीलाधर शेठ देणारच होते. मग इन्स्पेक्टर येऊन जागा बघेल, खरंच धंदा चालतो का ते पाहील, आणि मग नंबर.

"अर्ज कोणाच्या नावानं करायचा?" त्यांनी विचारलं.

लताचे वडील लगेच म्हणाले, "आबासना."

त्यात विचार करण्यासारखं कोणालाच काही वाटलं नाही. शेत आबांच्या नावावर, घर त्यांच्या नावावर, रेशनकार्डावर पहिलं नाव त्यांचं. लग्नाच्या पत्रिकेवरही सगळ्यांत वर तेच. मग नंबर आणखी कोणाच्या नावावर असणार?

कौतिकरावांनी विचारलं, "आबा, वय काय तुमचं?"

"प्लेगनंतरनं." आबा म्हणाले. "सत्तर नं वर शे."

कौतिकराव पेन हातात घेऊन थांबले. त्यांना काही बोलायचं होतं, पण ते आबांसमोर बोलवत नव्हतं. आबांनीच ते ओळखलं.

"मी मरी गऊ ते त्या नंबरनं काय व्हई?"

"असं काय बोलता आबा!"

"मन्हं बोलनं सोडा. कागद काय म्हनस ते सांगा."

मग कौतिकराव म्हणाले, "नंबर माणसाचा असतो आबा, घराचा नसतो. सातबारावर वारस लागतात तसे यावर लागत नाहीत. मालक गेला की नंबर रद्द. मागे राहिलेल्यांनी पुन्हा नव्यानं अर्ज करायचा, पुन्हा इन्स्पेक्टर, पुन्हा सगळं."

"मंग माले कसाले बसाडतस घोडावर? आज शे, सकाय नही."

लताचे वडील म्हणाले, "मग माझ्या नावानं करा."

"तुम्ही सरकारी नोकर. तुम्हाला धंदा करता येत नाही. नोकरी जाईल."

दुकानात कापड फाडल्याचा आवाज येत होता. मग आबांनी काठीनं माझ्याकडे खूण केली.

"जी कांडस तिना नाववर करा. तिना हात मजबूत शेतस. माले नं रुपचंदले दोन्हीसले पोचाडी दी."

बाप-लेक दोघांना मी पोचवीन, म्हणजे दोघांच्या मागे मी उरेन, हे ऐकून सगळे हसले. मी पदर पुढे ओढला. पण त्या एका वाक्यानं नंबर माझ्या नावावर झाला. कौतिकरावांनी माझा अंगठा शाईत बुडवून घेतला, कारण मला अक्षर येत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "आणि दुकानाचं नाव?"

लताचे वडील म्हणाले, लक्ष्मी ठेवू. कापडवाला तिकडून म्हणाला, गिरणामाई ठेवा. मी काही न बोलता आबांकडे बोट दाखवलं. मला वाटलं, मालकी माझ्याकडे आली, तर मान तरी त्यांच्याकडे राहू दे. कौतिकराव म्हणाले, "उत्तम." आणि त्यांनी लिहून टाकलं. मी तोंडानं न सांगता बोटानं सांगितलं, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

बोर्ड गावातल्या पुना पेंटरनं रंगवला. पिवळ्यावर लाल अक्षरं. ओट्यावर चढवून झाल्यावर त्यानं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं, "सुपडू आबा मसाला! प्रोप्रायटर, बेबाबाई रुपचंद पाटील!" आबा काठी टेकत रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेले आणि तिथून बराच वेळ बोर्ड बघत राहिले.

आबांच्या नावाची एक हकीगत होती. त्यांच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती. म्हणून हे जन्मले तसं त्यांना धान्य पाखडायच्या त्या वेताच्या वस्तूत घालून दारापर्यंत ओढत नेलं, जणू केर टाकून दिला. टाकलेल्या पोराकडे मरण बघत नाही असं मानत. त्या वस्तूवरूनच नाव ठेवलं. पोर जगलं. सून म्हणून आल्यापासून मी आबांचं नाव तर कधी घेतलं नाहीच, पण त्या वस्तूचं नावही घेतलं नाही. आमच्यात सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि नावासारखा शब्दही टाळतात. मी तिला पाखडणी म्हणे. कांडायच्या कामात ती दिवसभर लागते, तरी पंचवीस वर्षांत माझी जीभ एकदाही घसरली नव्हती.

पौषात इन्स्पेक्टर आले. एसटीनं आले, हातात चामडी बॅग. तरणे होते, कोकणाकडचे, बोलायला मऊ. लताचे वडील त्या दिवशी मुद्दाम कालव्यावर गेले होते. घरात सरकारी माणूस दिसायला नको, असं त्यांना वाटलं. आबा ओट्यावर होते. आत आम्ही पाचजणी मिरच्यांची देठं काढत होतो.

इन्स्पेक्टरांनी उखळ बघितलं, डबे बघितले, धन्यांची पोती बघितली. मिरचीच्या खकाण्यानं त्यांना शिंका आल्या. धुरपदाबाईनं त्यांना पाणी दिलं.

"मालक कोण?"

"मी," मी म्हणाले.

"तुमचं नाव?"

ते सांगितलं.

"फर्मचं नाव काय?"

मी गप्प.

त्यांना वाटलं मला फर्म शब्द कळला नाही. "म्हणजे दुकानाचं नाव. बाहेर बोर्ड लावलाय ना, त्यावर काय लिहिलंय?"

मी जमिनीकडे बघत राहिले. त्यांनी बॅगेतून कागद काढला. "बरं, राहू द्या. सामान काय काय आहे ते सांगा."

"उखळ दोन, मुसळं, चाळण्या, पाखडणी."

"पाखडणी म्हणजे?"

मी उचलून दाखवली.

"हे सूप आहे की!"

"हा, तेच."

"मग सूप म्हणा ना."

मी पाखडणी खाली ठेवली. धुरपदाबाईला राहवलं नाही. "साहेब, ती कशी म्हनी? तिना सासराना नाव शे ते. बोर्डवर बी तेच शे. घरनी वहू नाव लेस का कधी?"

इन्स्पेक्टरांनी कागद मांडीवर ठेवला. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता.

"मावशी, मला कळतं. माझी आईही वडिलांचं नाव घेत नाही. पण मी माझ्या कागदावर काय लिहू? या बाईंचा नवरा सरकारी नोकर. असे कितीतरी नोकर बायकोच्या नावानं धंदा दाखवतात आणि चालवतात स्वतः. बायकोला विचारावं तर तिला दुकानाचं नावही ठाऊक नसतं. इथे अर्जावर अंगठा, आणि मालकीण दुकानाचं नाव सांगत नाही. माझ्या वरचे साहेब हे वाचतील तेव्हा ते काय समजतील?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एकदाच म्हणा. मी ऐकलं असं लिहितो. संपलं."

ओट्यावरून आबा म्हणाले, "म्हन पोरी. मन्ही परवानगी शे."

मी तोंड उघडलं. धुरपदाबाई माझ्याकडे बघत होती, त्या तिघी बघत होत्या. आवाज आला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं म्हणून मी पुसलं.

इन्स्पेक्टरांनी चहा घेतला नाही. त्यांनी कागदावर लिहिलं आणि आम्हाला वाचूनही दाखवलं, की अर्जदार बाईंना दुकानाचं नाव सांगता आलं नाही, साहेबांनी समक्ष चौकशी करावी. पंधरवड्यानं जळगावच्या ऑफिसचं पत्र आलं. मी स्वतः हजर राहायचं. तारीख होळीच्या आधीची होती.

घरात त्यावरून बोलणं झालं. लताचे वडील वैतागले. "बोल ना एकडाव! कोन मारी टाकी तुले?"

"तुम्ही लेतस का बापनं नाव?" मी विचारलं.

त्यांनीही आयुष्यात कधी घेतलं नव्हतं.

धुरपदाबाईनं डोकं लढवलं. "उखाणामा ली पाह्य."

"उखाणामा दादलानं नाव लेतस. सासरानं कोन लेस?"

"हाई बी खरं शे. तठे साहेबपुढे उखाणा म्हनशी ते तो आहेर मांगी."

आम्ही हसलो, पण हसून काही सुटणार नव्हतं. लीलाधर शेठची होळी जवळ येत होती.

एक दिवस मी धुणं घेऊन गिरणेवर गेले. काठावर कोणी नव्हतं. मी ठरवलं, इथे म्हणून बघू. एकदा तोंडातून निघालं की मग साहेबापुढेही निघेल. पाण्यात उभी राहून मी प्रयत्न केला. नदी काय कोणाला सांगायला जाणार होती? तरी जीभ हलली नाही.

लोकांना वाटतं सुना हे भीतीनं पाळतात. पहिल्या वर्षी असेल भीती. नंतर ती नव्हती. मी या घरात आले तेव्हा माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं. माहेरचं भांडंसुद्धा धड नव्हतं. हे एक मी दिलं होतं आणि रोज देत आले होते. आबांनीही ते जाणलं होतं. त्यांनी मला कधी चढ्या आवाजानं हाक मारली नाही. आता नंबरासाठी ते मोडायचं, तर नंबर येईल, पण मी काय देऊन तो घेतला हे मला आयुष्यभर ठाऊक राहील. असं सगळं तेव्हा मला शब्दांत सांगता आलं नसतं. आज लिहिताना सांगता येतं.

धुणं घेऊन परत आले तर आबा ओट्यावर वाट बघत होते.

"झायं का म्हनीसन?"

त्यांना ते कसं ओळखू आलं कोण जाणे. मी मान हलवली.

"नको म्हनू," आबा म्हणाले. "पाखडणी आन."

पाखडणी, असंच म्हणाले ते. माझा शब्द त्यांनी घेतला. मी आणून दिली. त्यांनी चुलीतली गार राख मागितली आणि ती पाखडणीत पसरून हातानं सपाट केली. आबा जुने चौथी शिकलेले होते. बोटानं त्यांनी राखेत काहीतरी काढलं.

"हाई बोर्डवरनं पहिलं अक्षर. हातले काय सून नं सासरा? तोंडनी तू लेऊ नको. हातनी काढ."

मी लांब बसले होते. आबांनी पाखडणी माझ्याकडे सरकवली आणि तोंड रस्त्याकडे केलं, मला संकोच नको म्हणून. मी अक्षर गिरवलं. पाखडणी हलवली की राख सपाट, पुन्हा गिरवायचं. असं रोज दुपारी, बायका जेवायला घरी गेल्या की. त्यांच्या नावाची अक्षरं झाली, मग आबा, मग मसाला. आबांची मान कायम रस्त्याकडे. मी "झायं" म्हटलं की वळून बघत. "ह्याना पोटमा गाठ पडनी," म्हणत. "पुसी टाक." एकदा नीट आलं तेव्हा त्यांनी ते पुसू दिलं नाही. संध्याकाळपर्यंत पाखडणी तशीच ओट्यावर होती.

मग पाटी आणली. पाटीवरून कागदावर आले. माझ्या आयुष्यातली पहिली अक्षरं ही अशी. पुस्तकातल्या मुलांसारखी कमळापासून माझी सुरुवात झाली नाही.

ठरल्या दिवशी मी आणि आबा पहाटेच्या एसटीनं जळगावला गेलो. लताच्या वडिलांना कौतिकरावांनी येऊ दिलं नाही. कौतिकराव ऑफिसच्या जिन्यात भेटले. "घाबरू नका. विचारतील तेवढंच सांगा," म्हणाले. सांगण्याचीच तर अडचण होती.

साहेब वयानं मोठे होते, चष्मा कपाळावर ठेवलेला. समोर इन्स्पेक्टरांचा कागद होता, शेजारी ते स्वतः उभे होते. आबांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला आत घेतलं.

"बाई, दुकान तुमचं?"

"हो."

"मग नाव का सांगितलं नाहीत?"

मी हात पुढे केला. "पेन्सिल द्या."

साहेबांनी इन्स्पेक्टरांकडे बघितलं, मग पेन्सिल आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी उभ्यानंच लिहिलं. सावकाश लिहिलं. खोलीत पंखा फिरत होता, कागद उडू नये म्हणून इन्स्पेक्टरांनी त्याचं टोक धरलं. माझं झाल्यावर साहेबांनी कागद उचलून डोळ्यांसमोर धरला. वाचला. अर्जाशी ताडून बघितला.

"अर्जावर तर अंगठा आहे. तुम्हाला लिहिता येतं, मग सही का नाही केली?"

"तव्हा येत नव्हतं. मागून शिकले."

"कोणी शिकवलं?"

"आबांनी. बाहेर बसलेत ते."

साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांना ते पटलं नाही असं दिसलं. "म्हणजे चौकशी येणार म्हणून तयारी करून घेतली. बरं. आता स्वतःचं नाव लिहा."

मी पेन्सिल धरून उभी राहिले.

"लिहा. बेबाबाई रुपचंद पाटील."

"ते येत नाही."

"काय?"

"माझं नाव शिकले नाही, साहेब. हेच शिकले."

कौतिकराव दारात उभे होते, त्यांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, झालं, नंबर गेला. स्वतःचं नाव न येणारी मालकीण कोण मानणार? खरं सांगते, माझं नाव शिकावं हे ना माझ्या मनात आलं होतं ना आबांच्या. अडलं होतं ते त्यांच्या नावावर, म्हणून तेवढंच आम्ही सोडवायला बसलो होतो.

साहेब हसायला लागले. मोठ्यानं नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि इन्स्पेक्टरांना म्हणाले, "इतकी वर्षं खोट्या मालकिणी बघतोय. खोट्या मालकिणीला घरचे सगळ्यात आधी काय शिकवतात? सही. चेकवर लागते, बिलावर लागते. ही बाई सासऱ्याचं नाव लिहायला शिकून आली आणि स्वतःचं विसरली. हिला कोणी पढवून पाठवलं असतं तर असं पाठवलं असतं का?"

इन्स्पेक्टर म्हणाले, "मी त्याच दिवशी म्हणत होतो साहेब. पण कागदावर काय लिहू कळेना."

"आता लिही. अर्जदार स्वतः धंदा करतात अशी खात्री झाली." मग मला म्हणाले, "बाई, नंबर मिळेल. पण एक ऐका. बिलावर अंगठा चालवू नका. सही शिका."

मी बाहेर आले. आबा बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मी झालं ते सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, आणि शेवटी त्यांनी स्वतःच्याच मांडीवर थाप मारली.

"आरे! तुन्हं नाव ते ऱ्हायीच गयं!"

बाकावरचे व्यापारी वळून बघायला लागले. परतीच्या एसटीत पाचोऱ्यापर्यंत आबा मधूनच हसत होते आणि मधूनच गप्प होत होते. एकदा म्हणाले, "पंचवीस वरीस झाये. कोनलेच नही सुचनं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाखडणीत पुन्हा राख पसरली. या वेळी आबांनी माझं नाव काढलं. काढताना थबकले. सासऱ्यानं सुनेचं नाव घ्यायचं नाही असं काही नाही, पण त्यांनीही ते कधी घेतलं नव्हतं. मी त्यांच्यासाठी जामनेरवाली होते, नाहीतर लताची आई. त्यांनी अक्षरं काढली, पाखडणी सरकवली आणि मान रस्त्याकडे वळवली. ते सोपं गेलं मला. दोन बा तर सारखेच होते.

होळीच्या आधी कौतिकराव सर्टिफिकेट घेऊन आले. त्यावर नंबर टाइप केलेला, दुकानाचं नाव, मालकाचं नाव, शिक्का. हे धंद्याच्या जागी सगळ्यांना दिसेल असं लावायचं असतं, असा नियम त्यांनी सांगितला. आम्ही काच बसवून ओट्यावरच्या भिंतीला लावलं, आबांच्या बसायच्या जागेच्या बरोबर वर. लीलाधर शेठना पहिलं नंबराचं बिल गेलं त्यावर माझी सही होती, वेडीवाकडी. धुरपदाबाई म्हणाली, "पार्टी आते साहेबीन हुई गई." त्या वर्षी आम्हाला आणखी दोन उखळं घ्यावी लागली.

पुढे मी गावातल्या प्रौढ वर्गातही गेले आणि बाकीची अक्षरं शिकले. पण त्याची गोष्ट वेगळी नाही, सगळ्यांसारखीच आहे.

आबा त्यानंतर पाच वर्षं ओट्यावर बसले. कोणीही आलं, एसटीचा पार्सलवाला असो की भांडीवाला, ते काठी वर करून भिंतीकडे दाखवत आणि सर्टिफिकेट वाचून दाखवत. नंबर वाचत, आणि मग मालकाचं नाव, मोठ्यानं, "बेबाबाई रुपचंद पाटील!" मी आत असले की मला ऐकू येई. धुरपदाबाईनं एकदा त्यांना छेडलं, "आबा, वहूनं नाव लेतस?" तर म्हणाले, "मी कोठे लेस? छापेल शे, मी वाची ऱ्हायनू."

ते गेल्यावर मी कौतिकरावांना विचारलं, आता नंबराचं काय करायचं? ते म्हणाले, काही नाही, तो तुमच्या नावावर आहे. दुकानाच्या नावाचा माणूस गेला म्हणून काही बदलत नाही. बोर्ड तसाच आहे. रंग दोनदा नवा दिला.

ते नाव मी आजही तोंडानं घेत नाही. हातानं लिहिते. सुपडू ओंकार पाटील, राहणार भडगाव, माझे सासरे, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया होऊन आठ दिवसांनी, २ मे १९९३ रोजी सकाळी घरीच वारले.